रस्त्यावर मोजावयाचे काय?

नागरी वाहतूक नियोजन हा विषय स्थापत्य अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात आता चांगला स्थिरावला आहे. तो शिकणारा विद्यार्थी उद्या महानगरपालिकेच्या किंवा एखाद्या सल्लागार संस्थेच्या कचेरीत बसून आपल्या रस्त्यांचे आराखडे काढणार आहे. त्याच्या हाती कोणते माप दिले जाते, याची चौकशी म्हणूनच इतरांनीही करावयास हवी. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने ती करणे काहींना आगंतुकपणाचे वाटेल; परंतु शहरातील रस्त्याची जागा ही दुर्मीळ वस्तू आहे, आणि दुर्मीळ वस्तूंची वाटणी हाच तर आमच्या शास्त्राचा विषय.

पाठ्यपुस्तकातील माप 'पॅसेंजर कार युनिट' या नावाने ओळखले जाते. एक मोटार रस्त्यावर जेवढी जागा अडविते ती एक धरावयाची आणि इतर वाहने त्या पटीत मोजावयाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या नागरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत दुचाकीला ०.५ ते ०.७५, मोटारीला १ आणि बसला, ट्रकच्याच पंक्तीला बसवून, २.२ ते ३.७ असा भार दिला आहे. रस्त्याची रुंदी ठरविण्यापुरते हे गणित ठीक आहे. मात्र त्या बसमध्ये पन्नास माणसे आहेत आणि मोटारीत बहुधा एक वा दोन, ही गोष्ट या कोष्टकात कोठेही उमटत नाही. पायी चालणाऱ्याला तर त्यात स्थानच नाही! बसचा भार वरचा, म्हणजे ३.७, धरला तरी तो माणशी ०.०७४ पडतो; दोघांना नेणाऱ्या मोटारीचा माणशी ०.५. म्हणजे जवळजवळ सातपट.

दुसरी उणीव मागणीच्या अंदाजाची. पन्नाशीच्या दशकात डेट्रॉइट व शिकागो येथे रुजलेली चार टप्प्यांची पद्धत आपल्याकडेही शिकविली जाते. प्रवास किती होतील, कोठून कोठे, कोणत्या साधनाने आणि कोणत्या मार्गाने, हे तिचे टप्पे. ती राबविताना भावी मागणी जणू अटळ मानली जाते आणि तिला पुरेल एवढा रस्ता बांधला जातो. पण रुंद रस्ता स्वतःच नवी मागणी निर्माण करतो, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ सालीच दाखवून दिले होते. जी वस्तू फुकट मिळते तिच्यापुढे रांग लागणारच. मग तिची किंमत पैशांऐवजी वेळात मोजावी लागते, आणि ज्याने मोटार आणलीच नाही तो बसमधला कारकूनही ती मोजतो.

सिंगापूरने १९७५ मध्ये मध्यवस्तीत सकाळी शिरणाऱ्या मोटारींवर आकार बसविला, तेव्हा त्या वेळातील मोटारी निम्म्याहून अधिक घटल्या. चार किंवा अधिक माणसे असलेल्या मोटारीला त्यात माफी होती. तेथे माणसे मोजली गेली.

आपल्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीला महत्त्व दिले. त्याच वर्षअखेरीस पुण्यात स्वारगेट-कात्रज रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका आली आणि ती रिकामी पडून असते अशी मोटारवाल्यांची ओरड झाली. मिनिटाला एक बस जाणारी मार्गिका शेजारून पाहणाऱ्याला रिकामी भासणारच. तिच्यातून तासाला तीन हजार माणसे जाऊ शकतात. वाहनगणतीसाठी विद्यार्थ्यांना चौकात उभे करतातच. त्यांच्या हातातील तक्त्यात माणसांचा एक रकाना वाढविण्यास विद्यापीठाची परवानगी लागू नये.