उंटावरून उतरताना

गिझाच्या पठारावर उंटावर चढण्याचा दर ठरवून घेता येतो. उतरण्याचा दर मात्र वर बसल्यानंतर कळतो. हे वाक्य इजिप्तला निघण्यापूर्वी एका परिचितांनी आम्हांला ऐकविले होते. आम्ही हसलो आणि विसरलो.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही चौघे तेथे गेलो: यजमान, मी, महाविद्यालयात शिकणारी कन्या आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाई सांगलीच्या एका शाळेत इतिहासाच्या शिक्षिका होत्या. फळ्यावर पिरॅमिडचा त्रिकोण त्यांनी किती वर्षे काढला असेल, याची गणना नाही. खुफूच्या पिरॅमिडची मूळ उंची सुमारे १४६ मीटर आणि आजची सुमारे १३८ मीटर, हे त्यांना तोंडपाठ. ही यात्रा खऱ्या अर्थाने त्यांचीच होती.

प्रवेशद्वारातून आत शिरताच गळ्यात ओळखपत्र अडकविलेला एक गृहस्थ पुढे आला. अत्यंत अदबीने त्याने तिकिटे मागितली, यजमानांच्या हातून ती घेतली आणि चालू लागला. तिकिटे त्याच्या हाती, म्हणून आम्ही त्याच्या मागे. तो तपासनीस नव्हता, कोणीच नव्हता. परंतु हे उमगेपर्यंत त्याने आम्हांला एका उंटवाल्यापाशी आणून सोडले होते. सासूबाईंनी स्पष्ट नकार दिला. "मुक्या जनावराच्या पाठीवर मला बसायचं नाही," असे त्यांनी मला सांगितले आणि मी ते इंग्रजीत त्याला सांगितले. उंटवाला क्षणभर थांबला. मग म्हणाला, "आज सकाळपासून एकही गिऱ्हाईक नाही. कोणी बसले नाही, तर याला संध्याकाळी चारा कोठून घालू?" मी भाषांतर केले. सासूबाई उंटाकडे पाहत राहिल्या आणि मग बसल्या.

पंधरा मिनिटांचे ३०० पौंड ठरले होते. वाळूच्या एका उंचवट्यामागे, जेथे इतर कोणी दिसत नव्हते, तेथे उंट थांबला आणि मागणी ३००० पौंडांची झाली. उंट बसल्याखेरीज स्वार उतरू शकत नाही, आणि उंट बसतो तो मालकाच्या इशाऱ्यावर. सासूबाई वर, खोगिराचा लाकडी खुंट दोन्ही हातांनी घट्ट धरून. आपल्याकडे 'उंटावरचा शहाणा' म्हणतात. आमच्या बाबतीत शहाणे म्हणविणारे तिघे जमिनीवर उभे होते आणि त्यांना काहीही सुचत नव्हते. यजमानांनी पैसे मोजले. आपल्या हिशेबाने ते सुमारे ८००० रुपये झाले. उंट प्रथम पुढचे पाय दुमडतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे फेकला जातो. तो हिसका बसला तेव्हा सासूबाईंच्या तोंडून शब्दही निघाला नाही.

त्या सायंकाळी त्या हॉटेलच्या खोलीबाहेर आल्या नाहीत. रात्री मला म्हणाल्या, "पैशांचं नाही गं. मला दया आली, नेमकी तीच त्याने धरली."

पुढील दहा दिवसांत हे वाक्य मला वारंवार आठवले, कारण तेथील फसवणुकीचे मर्म त्यात आले होते. लोभी माणूस ठकविला जातो, असे आपण मुलांना शिकवितो. इजिप्तमधील पर्यटनस्थळांवर मात्र लोभापेक्षा सौजन्याची शिकार अधिक होते. कोणी हात पुढे केला की हस्तांदोलन करणे, प्रश्न विचारला की उत्तर देणे, भेट दिली की ती न नाकारणे, उपकाराची परतफेड करणे: आपल्या संस्काराचे हे जे जे भाग, त्या प्रत्येकासाठी तेथे एक युक्ती तयार आहे. डोक्यावर 'विनामूल्य' उपरणे गुंडाळले जाते आणि मग त्याची किंमत मागितली जाते. कर्नाकच्या मंदिरात रखवालदार खुणेने बोलावतो, दोरी बाजूला सारून एखादे शिल्प दाखवितो, आपला फोन घेऊन छायाचित्र काढतो आणि हात पसरतो. कैरोच्या तहरीर चौकात रस्ता ओलांडण्यास मदत करणारा सज्जन सांगतो, की संग्रहालय आता बंद आहे, दुपारी उघडेल, तोवर माझ्या भावाच्या दुकानात चहा घ्या. संग्रहालय अर्थातच उघडे असते.

या सर्वांत मला कल्पक वाटलेला प्रकार लक्सॉरचा. नदीकाठच्या रस्त्यावर एक हसतमुख माणूस समोर येतो: "ओळखलंत ना? मी तुमच्या हॉटेलातला स्वयंपाकी. आज सुटी आहे." हॉटेलाचे नाव तो घेत नाही, ते आपणच उच्चारतो. ओळख न दाखविणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून आपण हसतो, आणि दहा मिनिटांत 'केवळ आजच भरणाऱ्या' बाजारात त्याच्या मित्राच्या मसाल्याच्या दुकानी बसलेले असतो. उपाय सोपा आहे. त्यालाच विचारावे, की कोणत्या हॉटेलात? कन्येने तसे विचारले तेव्हा तो गृहस्थ मनमोकळे हसला आणि पुढच्या कुटुंबाकडे वळला. राग ना त्याला, ना आम्हांला.

हॉटेलांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण पहिली फसगत बहुधा खोलीत पोहोचण्याआधीच होते. विमानतळावरील वा स्थानकावरील चालक सांगतो, की तुमचे हॉटेल बंद पडले, भरले, तेथे दुरुस्ती चालू आहे; मी दुसरे चांगले दाखवितो. त्या दुसऱ्या हॉटेलाकडून त्याला दलाली मिळते आणि ती आपल्याच भाड्यातून वसूल होते. यास्तव पहिल्या दिवशी हॉटेललाच गाडी पाठविण्यास सांगावे, चालकाचे नाव व गाडीचा क्रमांक आधी मागवून घ्यावा आणि हॉटेलचा पत्ता अरबी लिपीत फोनवर ठेवावा. कैरोच्या मध्यवर्ती भागात कित्येक लहान हॉटेले जुन्या इमारतींच्या एखाद्या मजल्यावर असतात. दारावर तीन-चार पाट्या, जुनी लोखंडी लिफ्ट, आणि खाली उभा असलेला एखादा 'मदतनीस' आपल्याला भलत्याच मजल्यावर नेऊन सोडतो. खोली ताब्यात घेण्यापूर्वी स्वतःच्या आरक्षणाचा कागद व तेथील नोंद ताडून पाहावी.

दराची बाबही स्पष्ट करून घ्यावी. इजिप्तमध्ये १४ टक्के मूल्यवर्धित कर आहे आणि हॉटेलांत त्याखेरीज १२ टक्के सेवाशुल्क आकारण्याची रीत आहे. सांगितलेला दर या दोहोंसह की त्यांविना, पौंडांत की डॉलरमध्ये, याचे उत्तर लेखी मागवावे. २०२४ च्या मार्चमध्ये पौंडाचा दर बाजारावर सोपविण्यात आला आणि एका डॉलरला सुमारे ३१ पौंड मिळत, ते जवळपास ५० मिळू लागले. त्यामुळे आमच्या वेळचे आकडे आज कोणी प्रमाण मानू नयेत. पारपत्राची प्रत हॉटेल काढून घेते, ते रीतीस धरून आहे; मूळ पारपत्र तारण म्हणून ठेवण्याचे मात्र कारण नाही. 'पिरॅमिडचे दर्शन' ही जाहिरात खोलीच्या खिडकीविषयी आहे की गच्चीविषयी, हेही विचारावे. स्फिंक्ससमोरील वस्तीतील अनेक निवासांत ते दर्शन गच्चीवरूनच होते; तेही सुंदर असते, परंतु खिडकीचे पैसे का द्यावेत? लक्सॉर ते अस्वान नदीप्रवास घडविणारी जहाजे काठाला एकमेकांना लागून उभी राहतात. तेव्हा आपल्या खिडकीतून नाईलऐवजी शेजारच्या जहाजाची खिडकी दिसते आणि काठावर जाताना दोन-तीन परक्या जहाजांच्या दिवाणखान्यांतून चालावे लागते. ही फसवणूक नव्हे, परंतु आधी कळले तर विरस होत नाही.

आपल्या वाचकांना भोजनाची चिंता अधिक असेल. डिसेंबरात तेथे सूर्यास्त सायंकाळी पाचच्या सुमारास होतो आणि हॉटेलांतील रात्रीचे जेवण सातनंतर मांडले जाते. सासूबाई सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत, म्हणून दुपारच्या जेवणातूनच आम्ही फळे व पोळ्या बाजूला काढून घेत असू. तेथील पोळीला 'ऐश' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच जीवन असा आहे. फूल नावाची वालासारख्या दाण्यांची उसळ आणि भात, मसूर, मॅकरोनी व हरभरे यांची कोशरी सर्वत्र मिळते. परंतु पहिलीत लसूण आणि दुसरीवर तळलेला कांदा ठरलेला. 'मिन घेर बसल, मिन घेर तोम', म्हणजे कांद्याविना, लसणाविना, हे आम्ही पाठ केले. त्याहून उपयोगी पडला तो 'सियामी' हा शब्द. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती वर्षाचे २०० हून अधिक दिवस उपवास पाळतात, आणि त्या दिवसांचे मांस, अंडी व दूध वर्जिलेले अन्न म्हणजे सियामी. त्यांच्या काही उपवासांत मासे चालतात, तेवढे विचारून घ्यावे. शाकाहार म्हणजे काय हे समजावीत बसण्यापेक्षा हा शब्द उच्चारताच स्वयंपाकघरातील माणसाला सारे उमजते. अस्वानहून अबू सिंबेलला पहाटे चारच्या सुमारास निघावे लागते आणि हॉटेल न्याहारीची पेटी देते. तीत बहुधा उकडलेली अंडी असतात, म्हणून आदल्या सायंकाळीच सांगून ठेवावे.

अस्वानच्या हॉटेलातील आचाऱ्याने 'सियामी' ऐकून सासूबाईंसाठी वेगळ्या भांड्यात साधे फूल शिजविले आणि स्वतः आणून ठेवले. सासूबाईंनी ताटाला हात लावला नाही. "आधी विचार, याचे किती घेणार?" त्याने काही घेतले नाही, ते न्याहारीतच समाविष्ट होते. मला मात्र त्या क्षणी उंटवाल्याचा खरा संताप आला. आठ हजार गेले, ते गेले. परंतु कधी काळी बसमध्ये अनोळखी बाईला स्वतःचा डबा उघडून देणाऱ्या या बाईच्या मनात त्याने जे पेरले होते, त्याची भरपाई कोण करणार?

संशय हा उपाय नव्हे, हे मला तेव्हापासून वाटू लागले. आधी ठरवून घेणे हा उपाय. किती, कशाचे, किती जणांचे, जाऊन-येऊन की एकेरी, पौंडांत की डॉलरमध्ये, हे चारचौघांत मोठ्याने वदवून घ्यावे. फिले बेटावरील मंदिराचे तिकीट वेगळे आणि नावेचे भाडे वेगळे असते. नावाडी आरंभी वाटेल तो आकडा सांगतो. धक्क्यावर आम्ही एका केरळी कुटुंबाबरोबर नाव वाटून घेतली आणि परतीचे ठरवूनच पाय ठेवला. तिकीट दाखवावे, हातातून सोडू नये. प्रवेशद्वारावर ते दाखविणे भाग असते. राजांच्या खोऱ्यात प्रत्येक थडग्याशीही दाखवावे लागते, कारण सामान्य तिकिटात तीनच थडगी पाहता येतात आणि तुतनखामेनचे तिकीट निराळे. शहरात मीटरची टॅक्सी वा फोनवरून बोलाविलेली गाडी बरी. पर्यटक पोलिसांचा क्रमांक १२६. केवळ तो क्रमांक फोनवर लावताना दिसलो, एवढ्याने एका घोडागाडीवाल्याचा आवाज खाली आला.

नोटांकडे लक्ष असू द्यावे. ५० पौंडांची नोट आहे, तशी ५० पिआस्टरांचीही आहे, आणि १०० पिआस्टरांचा एक पौंड होतो. सुटे परत करताना एकीच्या जागी दुसरी हातावर ठेवली जाते. २०० ची नोट देताना आकडा मोठ्याने उच्चारावा, म्हणजे 'तुम्ही २० चीच दिली' हा वाद उद्भवत नाही. मराठी डोळ्यांसाठी आणखी एक सापळा आहे आणि तो कोणी मुद्दाम लावलेला नाही. तेथील पाचाचा आकडा हुबेहूब आपल्या शून्यासारखा दिसतो, आणि त्यांचे शून्य म्हणजे केवळ एक ठिपका. खान अल्-खलीलीच्या बाजारात ५० ची चिठ्ठी पाहून सासूबाई म्हणाल्या, "याला तर काहीच किंमत नाही!" गंमत अशी, की अरब लोक या अंकांना 'हिंदी अंक' म्हणतात.

शब्दांचेही असेच. देयक मागताना 'हिसाब' म्हणावे, सौदा संपला की 'खलास'. हे आपलेच हिशेब आणि खलास. 'बक्षीश' हा फारसीतून दोन्हींकडे पोहोचलेला शब्द. आपल्याकडे ते गुणांचे कौतुक, तेथे प्रसाधनगृहाच्या दारापासून मंदिराच्या गाभाऱ्यापर्यंत अपेक्षिलेली चिरीमिरी. ती देण्यास माझी हरकत नाही. पाच-दहा पौंडांच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात आणि ज्याने खरोखर काम केले, त्याला हसून द्याव्यात. मागितली नसताना गळ्यात घातलेल्या सेवेला 'ला, शुक्रन' पुरे. चालणे न थांबवता, डोळ्याला डोळा न देता.

गिझाची व्यवस्था त्यानंतर बदलली आहे. २०२५ पासून फायूम रस्त्याच्या बाजूने नवे प्रवेशद्वार आणि विजेवर चालणाऱ्या बस सुरू झाल्या, आणि उंट-घोड्यांना वेगळी जागा नेमून देण्यात आली.

आमचे जहाज एस्नाच्या जलपाशाशी आपल्या पाळीची वाट पाहत थांबले होते. खाली लहान नावांतून विक्रेते ओरडत होते आणि पिशवीत बांधलेली कापडे थेट वरच्या गच्चीवर भिरकावीत होते. माल आधी वर येतो. पटला तर पैसे पिशवीत घालून खाली टाकायचे, नाहीतर माल परत. निळा मेजपोश सासूबाईंच्या पायांशी येऊन पडला. त्यांनी तो उलगडला, कड तपासली, शिवण पाहिली. कन्येने बोटांनी भाव केला. ६०० चे २५० झाले. एवढ्यात भोंगा वाजला आणि जहाज हलू लागले. नाव मागे पडत चालली, मेजपोश आमच्या हाती, आणि पैसे अजून द्यायचे होते.

"अरे, बघत काय राहिलास? आधी त्याचे पैसे टाक!" सासूबाई मुलावर ओरडल्या. रिकामी पिशवी वाऱ्याने उडेल, म्हणून सायंकाळसाठी राखून ठेवलेली दोन संत्री त्यांनीच नोटांबरोबर आत कोंबली. पिशवी नावेपासून हातभर दूर पाण्यात पडली. त्याने वल्ह्याने ती ओढून घेतली, गाठ सोडली, नोटा मोजल्या आणि संत्रे हातात धरून वर उंचावले.

"मोजले त्याने," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. "मोजायलाच हवेत." आणि मेजपोशाची घडी घालू लागल्या.