मोठा इन्व्हर्टर घेताय? आधी व्होल्ट विचारा

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ रायगडवर धडकलं आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. त्यामुळे तिथल्या धरमतर खाडीच्या बाजूला कुणी ‘अख्खं घर सोलारवर चालवायचंय’ म्हटलं, तर त्यात नवल नाही. पण दुकानात सगळे विचारतात वॅट.

उदाहरणादाखल 2000 वॅटची इंडक्शन शेगडी घ्या. 12 व्होल्टच्या बॅटरीतून तिला किमान 167 अँपिअर ओढावे लागतात, 48 व्होल्टवर 42. करंट चौपट म्हणजे त्याच वायरीत उष्णता सोळापट! म्हणून 12 व्होल्टचा ‘स्वस्त’ सेट तांब्याच्या जाड केबलमध्ये पैसे खातो. हजार वॅटच्या पुढे मी तरी 12 व्होल्ट सुचवणार नाही.

खरी परीक्षा पंपाची. एक एचपीची मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहापट करंट मागते. जड ट्रान्सफॉर्मरवाला इन्व्हर्टर तो झटका सोसतो. हलका, हाय-फ्रिक्वेन्सीवाला बऱ्याचदा ट्रिप होतो. मात्र जड मशीन महाग, आणि घरात काहीच चालू नसतानाही थोडी बॅटरी पीत राहतं. माझं मत विचाराल तर पंप इन्व्हर्टरवर घेऊच नका. दिवसा वेगळ्या सोलार पंपाने टाकी भरा, इन्व्हर्टर लहान बसेल.

आणि खाडीची खारी हवा! इन्व्हर्टरचा पंखा तीच आत खेचतो. सर्किट बोर्डवर संरक्षक लेप आहे का, ते विचारा. बॅटरीच्या केबलच्या टोकावरच्या लगवर हिरवं पुट दिसलं, तर सप्लाय बंद करून साफ करा, घट्ट आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा.