‘सवय होईल’ (लेखांक ७)

मागच्या आठवड्यात आपण समांतर दांड्यांना धरून चार पावलं टाकली आणि नवा पाय घेऊन घरी आलो. आता दुखण्याबद्दल.

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. कृत्रिम पाय मिळाल्यावर आठवड्याभरात मी तक्रार केली, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, “सवय होईल.” मी दोन महिने सवय होण्याची वाट पाहिली. झाली ती जखम, नडगीच्या टोकाशी, रुपयाएवढी. ती भरेपर्यंत पाय कपाटामागे आणि मी कुबड्यांवर.

‘जयपूर फूट’ हे नाव आपल्याकडे इतकं घरोघरी पोचलंय, की कृत्रिम पाय म्हणजे पाऊल अशीच समजूत होऊन बसली आहे. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास जयपुरात घडवलेलं ते रबरी पाऊल खरोखरच आपल्या माणसांसाठी होतं. ते लावून मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, अनवाणी शेतात जाता येतं. पण दुखणं पावलात नसतंच. ते वर असतं, जिथे उरलेला पाय पेल्यासारख्या सॉकेटमध्ये शिरतो.

तळपायाची कातडी जन्मभर वजन पेलते. नडगीवरच्या कातडीने हे काम कधी केलेलं नसतं. म्हणून गुडघ्याखालच्या सॉकेटला असा आकार देतात, की बराचसा भार वाटीखालच्या जाड कंडरेवर आणि पोटरीच्या मांसल भागावर यावा. नडगीची धार आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं हाडाचं टोक यांना मात्र मोकळी जागा ठेवावी लागते. त्या टोकाला वळसा घालून एक महत्त्वाची नस खाली जाते. तिथे दाब आला की काय होतं, ते शत्रूलाही सांगू नये.

बरं, सॉकेट आज अचूक बसलं म्हणून सहा महिन्यांनी बसेलच असं नाही. ऑपरेशननंतरची सूज उतरते, न वापरलेले स्नायू वाळतात, उरलेला पाय बारीक होत जातो. पहिलं सॉकेट वर्ष-दीड वर्षात ढिलं होणं हा कुणाचा दोष नव्हे, तो क्रमच आहे. एका दिवसातही हेच छोट्या प्रमाणावर घडतं. सकाळी घट्ट बसलेला पाय संध्याकाळी आत धसतो, कारण दिवसभराच्या दाबाने आतलं पाणी सरकलेलं असतं. पाय धसला की हाडं नको तिथे टेकतात. यावर उपाय साधा आहे: जादा मोजा. मी शबनममध्ये दोन ठेवतो, एक पातळ, एक जाड. दुपारच्या चहानंतर पातळ चढवला की संध्याकाळ निभते. लोक छत्री विसरतात, मी मोजे विसरत नाही.

रात्री पाय काढल्यावर कातडी बघायची. दाबाच्या जागी लाली असणारच. दहा-पंधरा मिनिटांत ती मावळली तर ठीक. तशीच राहिली, फोड आला किंवा कातडी सोलली, तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही. मधुमेह्यांनी तर हातात आरसा घेऊन खालची बाजूही तपासावी. त्यांना दुखून कळेलच असं नसतं. आणि चप्पल बदलताना जपा. टाचेची उंची अर्ध्या इंचाने वाढली तरी सगळा पाय पुढे कलतो, गुडघा बोंबलतो आणि आपण सॉकेटला शिव्या देतो.

काही दुखणी सॉकेटची नसतात. कापलेल्या नसेच्या टोकाला कधी गाठ धरते; तिथे टिचकी मारली तर विजेचा झटका बसतो. ते डॉक्टरांचं काम. दुसरं, नसलेल्या पायाचं दुखणं. माझा नसलेला अंगठा पावसाळ्यात अजून मुरगळतो. हा भ्रम नव्हे आणि वेडही नव्हे. मेंदूतला पायाचा नकाशा तसाच शाबूत असतो. अमेरिकी यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार केलेल्या डॉ. सायलस वीअर मिचेल यांनी १८७१ मध्ये या अवयवाला ‘भुताचा’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. १९९० च्या दशकात डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी शाबूत अवयवाचं प्रतिबिंब आरशात दाखवून ही कळ उतरवण्याची युक्ती काढली. सगळ्यांना ती लागू पडत नाही. मला थोडी पडली. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी ही कळ बहुधा हटत नाही, तिच्यासाठी नसांवरची वेगळी औषधं असतात. या विषयाला एक पूर्ण लेखांक लागेल.

तंत्रज्ञाकडे जाताना नुसतं “दुखतंय” म्हणू नका. कुठे, किती वाजता, किती चालल्यावर, जिना चढताना की उतरताना, हे चार दिवस वहीत टिपून न्या. आणि घरातली एक जुनी लिपस्टिक बरोबर घ्या. दुखऱ्या जागेवर तिचा ठिपका लावून पाय चढवला, जरा चालून काढला, की सॉकेटच्या आत नेमका तिथे डाग उमटतो. तेवढीच जागा तासून घ्यायची. तरीही कुणी “सवय होईल” म्हणालं, तर त्याला तो डाग दाखवा.

(पुढच्या रविवारी : एसटीची पायरी)