दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ

कमल कुंभार यांच्याविषयी आजवर जे छापून आलं, त्यात कोंबड्या आहेत, सौरदिवे आहेत, दिल्लीचे पुरस्कार आहेत. बांगड्या मात्र एका ओळीत उरकलेल्या असतात: सुरुवातीला पाचशेक रुपयांच्या भांडवलावर बांगड्या विकल्या, इतकंच. पुढची मोठी गोष्ट सांगायची घाई असल्यामुळे त्या ओळीवर कुणी थांबत नाही. खरं तर त्यांच्या सगळ्या धंद्यांची शाळा तीच.

कमलताई धाराशिव तालुक्यातल्या हिंगळजवाडीच्या. मजुरी करणारं घर, शिक्षण जवळपास नाही, संसार मोडलेला. मराठवाड्यात अशा बाईसमोर एरवी एकच वाट असते, दुसऱ्याच्या रानातल्या रोजंदारीची. त्यांनी बांगड्या घेतल्या आणि दारोदार फिरायला सुरुवात केली. हा काळ 1998 च्या आसपासचा.

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या वाचकाला हे काही परमुलखातलं वाटायचं कारण नाही. मांजरा नदी पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावर उगम पावते आणि पुढे बीड आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांची शीव धरून वाहते. अलीकडचं आणि पलीकडचं रान सारखंच, पाऊस सारखाच बेभरवशाचा. शिवाय पाटोद्याला लागून असलेल्या तालुक्याच्या गावाचं नावच शिरूर कासार. भांडी आणि बांगड्या विकणाऱ्यांची आठवण या भागानं गावाच्या नावात जपून ठेवली आहे.

बांगड्या विकणं म्हणजे माल देऊन पैसे घेणं नव्हे, हे ज्यानं कासारणीला काम करताना पाहिलंय त्याला वेगळं सांगावं लागत नाही. बांगड्या घालत नाहीत, भरतात. भरणारीच्या हातात गिऱ्हाइकाचा हात असावा लागतो. नजर टाकताच माप कळलं पाहिजे: दोन-चार, दोन-सहा की दोन-आठ. हे आकडे इंचाचे आणि सोळांशाचे. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, आतला व्यास सव्वादोन इंच. दोन-आठ म्हणजे अडीच इंच. एका मापापासून पुढच्या मापापर्यंतचा फरक जेमतेम तीन मिलिमीटर, पण त्या तीन मिलिमीटरांत धंदा बसतो किंवा बुडतो. माप मोठं निघालं तर बांगडी मनगटावरून ओघळते, लहान निघालं तर अंगठ्याच्या सांध्यावर अडते आणि कच्चकन तुटते. भरताना फुटली तर ती बहुधा विकणारीच्या खात्यावर जाते.

म्हणून ती आधी हात दाबून पाहते. अंगठा तळव्यात वळवायचा, चारी बोटं जुळवून निमुळती करायची, गाठीचा भाग हळूहळू मऊ करायचा, आणि तीन-चार बांगड्या एकदम धरून वळसा देत पुढे सारायच्या. तोंड मात्र सतत चालू ठेवायचं, म्हणजे बाई हात आखडत नाही. कोयता धरणाऱ्या बाईचा हात निबर असतो. मनगट दोन-सहाचं दिसतं, सांधा दोन-आठ मागतो. असं माप दुकानाच्या काउंटरवर बसून शिकता येत नाही.

रंगांचा हिशेब वेगळाच. लग्नाचा आणि डोहाळेजेवणाचा चुडा हिरवा, त्यात तडजोड नाही. पण रोजच्या वापराला साडीशी जुळणारा रंग हवा, पोरींना चमकी हवी, म्हाताऱ्यांना साध्या काचेच्याच हव्यात. काचेच्या बांगडीचं देशातलं मोठं माहेर उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद. तिथून तालुक्याच्या ठोक दुकानापर्यंत आलेल्या ढिगातून कुठल्या गावाला काय उचलायचं, हे ठरवण्यात किरकोळ विक्रीतली सगळी कलाकुसर आहे. आणि भाषा! बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. एवढासा शब्द चुकला तर विकणारी गिऱ्हाइकाच्या मनातून उतरते.

या धंद्याची एक कडू बाजूही आहे. नवरा गेलेल्या बाईच्या दारासमोरून बांगडीवाली न थांबता पुढे जाई, असा शिरस्ता होता. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवांच्या बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींनी तसे ठराव करावेत म्हणून परिपत्रक काढलं. ठरावानं किती दारं उघडली, ते ज्या त्या गावानं पाहावं. बांगडीवाल्या बाईला मात्र ते बरोबर सांगता येईल.

कमलताईंना या फेरीतून मिळालं काय? त्यांचे पुढचे धंदे पाहिले की लक्षात येतं. बांगडीवालीला ओटीवर कुणी अडवत नाही, ती थेट आत स्वयंपाकघराच्या तोंडाशी बसते. कुणाकडे चार कोंबड्या आहेत, कुणाचा नवरा पैसे हातात देत नाही, कुठे रात्री दिव्याची पंचाईत आहे, कोण उधारी बुडवते आणि कोण वायदा पाळते, हे तिला बसल्या जागी कळतं. मोठ्या कंपन्या बाजार पाहणीवर पैसा ओततात. इथे ती फुकट होत होती, आणि वर चहा मिळत होता.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावांत पुनर्वसनाचं काम उभं राहिलं. त्यातून प्रेमा गोपालन यांची स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था घडली. बायकांना मदत वाटण्यापेक्षा त्यांच्या हाती काम आणि व्यवहार द्यायचा, हा तिचा धडा. कमलताई या संस्थेच्या संपर्कात आल्या, बचत गट बांधले, कुक्कुटपालनात उतरल्या. कमल पोल्ट्री आणि एकता प्रोड्युसर कंपनी ही त्यांच्या उद्योगांची नावं. 2012 पासून त्या ऊर्जा सखी म्हणून काम करू लागल्या आणि सुमारे तीन हजार घरांत सौरउपकरणं पोहोचवायला त्यांचा हातभार लागला. त्यांनी धंद्याला लावलेल्या, शिकवलेल्या बायकांचा आकडा हजारांत मोजला जातो.

सौरदिवा म्हणजे काय, हे ज्या घरात कुणी पाहिलंही नव्हतं, तिथे तो अनोळखी माणसानं नेला असता तर दारातूनच परतला असता. तो नेला बांगडीवालीनं. ओळखीच्या हातातून आलेल्या वस्तूवर बाई विश्वास ठेवते. आपल्या मनगटाचं माप जिला पाठ आहे, ती फसवणार नाही, इतका साधा हिशेब त्यामागे असावा.

2017 मध्ये नीती आयोगाच्या ‘विमेन ट्रान्सफॉर्मिंग इंडिया’ पुरस्काराच्या यादीत त्यांचं नाव झळकलं. 2021 चा नारी शक्ती पुरस्कार त्यांना 8 मार्च 2022 रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते मिळाला. कुंभार आडनावाच्या बाईचा सत्कार वाचताना त्याच तालुक्यातल्या तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांची आठवण मराठवाड्यात कुणालाही होईल. पण गोरोबांच्या थापटण्यानं मडकं पक्कं की कच्चं ते कळे. कमलताईंनी घरं पारखली ती मनगट हातात धरून.

पाटोद्यात असा धंदा उभा राहील का? राहील, पण इथलं पंचांग वेगळं आहे. या तालुक्यातली कितीतरी घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला साखरपट्ट्यात जातात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी मिळून फेडायची. बाईच्या कष्टाला वेगळा आकडाच नाही. या फडावरच्या जगण्याची किंमत 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आली: बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. गावात राहून स्वतःच्या नावावर चार पैसे मिळवणं, ही इथे हौसेची गोष्ट नाही.

कर्जाची सोय अगदीच नाही असं नव्हे. ‘उमेद’ अभियान 2011 पासून बचत गट बांधतंय, 1975 मध्ये स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ आहे, मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज आहे. अडचण कर्जापाशी नसते, ती पुढे असते. गटाला पैसे मिळाले की गावोगावी तेच ते निघतं: पापड, लोणचं, मसाला, शेवया. एका गल्लीत चार जणी मसाला विकू लागल्या की पाचवीनं काय करायचं, हे शिबिरात कुणी सांगत नाही. कमलताईंची वाट उलटी होती. आधी दारं पाहिली, मग त्या दारांना काय हवं ते विकलं. बांगडी, कोंबडी, दिवा या तीन वस्तूंत एरवी काही नातं नाही. नातं घरांचं होतं.

पाटोद्याच्या आसपास कुणाला अशी टोपली उचलायची असेल, तर तिनं पहिला माल श्रावणाआधी भरावा. नागपंचमी, गौरी, नवरात्र इतके सण हातात येतात आणि उधारी दसऱ्याच्या आत वसूल होते. दुसरा भरणा फड सुटल्यावर, लग्नसराईच्या बेतानं. संक्रांतीचा माल बेतानेच घ्यावा. तेव्हा बाजारात बांगड्या पुष्कळ असतात, पण गावात हात कमी असतात.