पासवर्डविना लॉगिनची चाळीस वर्षं

एका संगणकावरून दुसऱ्यावरच्या खात्यात पासवर्ड न टाकता शिरण्याची सोय जुनी आहे. 1983 साली बर्कलेच्या 4.2 बीएसडी युनिक्ससोबत आरलॉगिन आणि आरएसएच हे आदेश आले, तेव्हापासूनची. पलीकडच्या होम डिरेक्टरीत '.आरहोस्ट्स' नावाची फाइल करायची, तिच्यात आपल्या यंत्राचं आणि खात्याचं नाव लिहायचं, की झालं. यात मोठी खोट होती. पलीकडचा सर्व्हर ओळख पटवत होता ती यंत्राच्या पत्त्यावरून, आणि पत्ता खोटा सांगता येतो.

रॉबर्ट टी. मॉरिस यांनी 1985 मध्येच या उणिवेवर लिहिलं होतं. 2 नोव्हेंबर 1988 रोजी त्यांनीच सोडलेला वर्म इंटरनेटवर पसरला, तेव्हा त्याच्या अनेक वाटांपैकी एक होती यंत्रायंत्रांतल्या या आंधळ्या विश्वासाची. तरी सवय सुटली नाही. 1994 च्या नाताळात संगणक-सुरक्षातज्ज्ञ सुतोमू शिमोमुरा यांच्या संगणकावर हल्ला झाला. हल्लेखोराने विश्वासातल्या यंत्राचा पत्ता आपलाच म्हणून सांगितला आणि '.आरहोस्ट्स'मध्ये दोन अधिक चिन्हं घुसवली. अर्थ एवढाच: कुठूनही या, कुणीही या.

1995 मध्ये हेलसिंकी तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड टिपले जात असल्याचं उघड झालं आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी सुरक्षित लॉगिनसाठी एसएसएच लिहायला घेतलं. जुलैत ते सर्वांना मोफत मिळालं. एफटीपीचा 21 आणि टेलनेटचा 23, यांच्यामधला 22 नंबरचा पोर्ट त्याला मिळाला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वात मोलाचा बदल इथेच झाला. कीची जोडी बनवायची, सार्वजनिक अर्धी सर्व्हरवर ठेवायची. खासगी अर्धी आपल्या यंत्राबाहेर जात नाही, ती आपल्यापाशी आहे एवढंच सिद्ध होतं. पत्त्याच्या जागी पुरावा आला.

1999 मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएच दिलं, आणि आज बहुतेक लिनक्स सर्व्हरवर तेच असतं. सेटिंग दोन आदेशांचं: 'एसएसएच-कीजेन' आणि 'एसएसएच-कॉपी-आयडी'. तरी नवशिका हमखास एका जागी अडकतो. सगळं नीट केलेलं असतं, तरी सर्व्हर पासवर्ड मागतच राहतो. होम डिरेक्टरीत किंवा '.एसएसएच' फोल्डरमध्ये इतरांना लिहिण्याची परवानगी असेल, तर सर्व्हर की बघतच नाही. कारण त्याच्या लॉगमध्ये सापडतं, आपल्या पडद्यावर नाही. होम डिरेक्टरीची ती परवानगी काढून फोल्डरला 700 आणि त्यातल्या 'ऑथोराइज्ड-कीज' या कीच्या फाइलला 600 दिलं की काम होतं. हा कडकपणा मला मनापासून पटतो. जी फाइल दुसरा कुणी बदलू शकतो, तिच्यावर विसंबायचं कशाला?

कीसुद्धा फसवू शकते. 2006 मध्ये डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएल या की बनवताना वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीमधून यादृच्छिकतेचा मोठा आधारच चुकून काढला गेला. मे 2008 मध्ये ते जाहीर झालं, तेव्हा कळलं की एका प्रकारच्या आणि लांबीच्या की जेमतेम 32,768 बनू शकत होत्या. जगभर की बदलाव्या लागल्या.

मला आज सतावते ती वेगळी गोष्ट. कीला मुदत नसते. माणूस नोकरी सोडून जातो, त्याचं कार्ड जमा होतं, पण 'ऑथोराइज्ड-कीज'मधली त्याची ओळख कुणी खोडली नाही तर तशीच राहते. '.आरहोस्ट्स'मध्येही हेच व्हायचं. यावरचा उपाय ओपनएसएसएचच्या 5.4 आवृत्तीत, 2010 मध्येच आला: प्रमाणपत्रं. ज्या 'एसएसएच-कीजेन'ने की बनते, त्यानेच फक्त आठ तास चालणारं प्रमाणपत्रही देता येतं.