पुढचं पुस्तक तुमचं तुम्हीच निवडा!

"अहो, येताना वाचनालयातून माझं पुस्तक बदलून आणा. काहीही चालेल, फक्त फार जाड नको."

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्या तोंडून आजवर कितीदा निघालं असेल, जरा आठवून पाहा बरं! भाजी आणायला सांगताना आपण कधी 'काहीही आणा' म्हणतो का? भेंडी कोवळीच हवी, वांगी काटेरीच हवीत, शेपू आणाल तर घरात कुणी खाणार नाही, अशा दहा सूचना देतो. साडीच्या दुकानात तर पंचवीस घड्या मोडायला लावल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. पुस्तकाच्या बाबतीत मात्र 'काहीही चालेल'! मग येतं ते पुस्तक आठवडाभर फ्रिजवर पडून राहतं, त्याच्यावर विजेचं बिल आणि किल्ल्या येऊन बसतात आणि पुढच्या शनिवारी ते न वाचताच परत जातं. वर आपण सुस्कारा टाकतो, "लग्नाआधी किती वाचायची मी! आता संसारात वेळ कुठला?"

वेळ कमी असतो, हे अगदी खरं. पण मनासारखं पुस्तक हाती आलं, की तोच वेळ कुठून तरी निघतो, हाही आपलाच अनुभव आहे. म्हणून आज बोलू या ते या दोन गोष्टींबद्दल. आठवड्यात वाचनाला जागा कशी करायची, आणि हातातलं पुस्तक संपल्यावर पुढचं कोणतं घ्यायचं.

पुडीच्या कागदावरचं वाचन

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणला बेबीताई कांबळे राहत. (जन्म 1929, मृत्यू 2012.) त्यांचं छोटंसं दुकान होतं. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्या काय वाचत, ठाऊक आहे? माल बांधून द्यायला आणलेली रद्दीची वर्तमानपत्रं! गिऱ्हाईक नसलं की पुडीचा कागद सरळ करायचा आणि त्यावरचा मजकूर वाचायचा. पुढे त्या लिहूही लागल्या. पण बाईमाणसानं लिहिणं घरात रुचणारं नव्हतं. म्हणून लिहिलेले कागद नवऱ्याच्या नजरेस पडू नयेत असे त्यांनी लपवून ठेवले. एकदोन महिने नव्हे, जवळजवळ वीस वर्षं!

ते लिखाण 1982 मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं आणि 1986 साली 'जिणं आमुचं' या नावानं त्याचं पुस्तक झालं. महार समाजातल्या बायकांनी काय सोसलं, बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारानं त्या कशा उभ्या राहिल्या, हे इतक्या रोखठोकपणे एका बाईनं सांगितलेलं वाचताना मन हादरतं. बेबीताईंना वाचायला काय मिळावं, हे रद्दीवाला ठरवत होता. तुमच्याआमच्यासमोर कपाटंच्या कपाटं भरलेली आहेत, आणि आपण म्हणतो, काहीही चालेल!

ज्या 'स्त्री' मासिकानं बेबीताईंना वाचकांपर्यंत नेलं, त्याचा जन्मही आपल्याच मुलखातला. सांगलीजवळच्या किर्लोस्करवाडीला, नांगर आणि पंप तयार करणाऱ्या कारखान्याच्या शेजारी, 1930 साली शंकरराव किर्लोस्करांनी ते सुरू केलं. आज ते निघत नाही, पण आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीजणी त्याच्या अंकाची वाट पाहत असत!

त्याच्याही मागे जायचं, तर देवराष्ट्र्याला जावं लागेल. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे, पूर्वी सातारा जिल्ह्यात होतं. तिथल्या कुर्लेकरांची मुलगी 1873 साली न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी झाली. लग्नाच्या वेळी तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. रानड्यांनी तिला शिकवायला घेतलं. दिवसभर घरकाम आणि रात्री धडे! घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांची बोलणी खात, टोमणे गिळत ती शिकत राहिली. तिनं, म्हणजे रमाबाई रानडे यांनी, 1910 साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिलं. कुणी उलट उत्तर न देता, कुणाचा मान न मोडता आपलं वाचन कसं टिकवायचं, हे एकत्र कुटुंबातल्या सुनेनं त्या पुस्तकातून शिकावं.

तेव्हा वाचन म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. आपल्याला पुस्तक उघडायला मिळावं, म्हणून आधीच्या बायकांनी बरंच काही सोसलेलं आहे.

आठवड्याची आखणी

सगळी कामं आटोपली की वाचीन, असं म्हणाल तर ती वेळ कधीच येणार नाही. घरकामाला शेवट नसतो. रात्री कडधान्य भिजत घालायला आपण विसरतो का? नाही. कारण ते ठरलेलं असतं. वाचनाचंही तसंच ठरवून टाका.

रोज फक्त दहा पानं. यापेक्षा जास्त मनात धरू नका. दहा पानांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. दुपारची झाकपाक झाल्यावर, किंवा मुलं शाळेला गेल्यावरच्या चहाबरोबर, जी वेळ तुम्हाला सोयीची ती. रोज दहा पानं म्हणजे तीनशे पानांचं पुस्तक महिन्यात संपलं. वर्षाची बारा पुस्तकं झाली! नोकरी करणाऱ्या मैत्रिणींना रोज जमत नसेल, तर त्यांनी एस.टी.तला वेळ धरावा. बस लागत असेल, तर ऐकायची पुस्तकं आता मोबाईलवर मिळतात.

एका वेळी दोन पुस्तकं असू द्या. एक बसून वाचायचं, म्हणजे कादंबरी किंवा चरित्र. दुसरं उभ्याउभ्या वाचायचं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, दूध तापेपर्यंत दोन पानं वाचून खाली ठेवता येतील असं. छोटे लेख, कविता, आठवणी यांना हे चांगलं. मात्र दुधाकडे एक डोळा असू द्या!

शनिवार किंवा रविवार हा पुस्तक बदलण्याचा दिवस ठरवा. भाजीला निघालात की पिशवीत पुस्तक टाका आणि आधी वाचनालयात जा. आधी मंडई झाली, तर जड पिशव्या हातात घेऊन कपाटासमोर कुणाला उभं राहावंसं वाटत नाही, आणि मग पुन्हा समोर येईल ते पुस्तक उचललं जातं.

एका पुस्तकातून दुसरं

आता मुख्य प्रश्न. पुढचं कोणतं घ्यायचं? हातातलं पुस्तक संपायला वीसएक पानं राहिली, की स्वतःला विचारा, या पुस्तकात मला नेमकं काय आवडलं? त्या उत्तराचं टोक धरा, म्हणजे पुढचं पुस्तक सापडतं.

माणूस आवडलं तर – रमाबाईंच्या आठवणी आवडल्या असतील, तर पुढे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. त्याचा पहिला भाग 1934 चा. फारसं शिक्षण न झालेली बाई इतकं खेळकर मराठी लिहिते, की हसता हसता डोळ्यांत पाणी येतं. मग बेबीताईंचं 'जिणं आमुचं'. मग सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' (1990). चार बायका, चार प्रकारचे संसार. ओळीनं वाचलीत तर शंभर वर्षांत बाईचं आयुष्य किती बदललं आणि किती तसंच राहिलं, हे कुणी वेगळं सांगायला नको.

माती आवडली तर – आपल्या भागातलं पुस्तक वाचताना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) माणदेशातली. धनगरांच्या वाडीवर शिकवायला गेलेला कोवळा मास्तर आणि पावसाची वाट पाहणारी माणसं. ती आवडली तर वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' (1959) घ्या. आणि वि. स. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, हे लक्षात आहे ना? त्यांच्या 'ययाति'ला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

लेखिका आवडली तर – तिची बाकीची पुस्तकं शोधा. 1975 साली, आणीबाणीच्या दिवसांत, कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं होतं. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या, आणि लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल त्या न भिता बोलल्या. त्यांचं 'ऋतुचक्र' (1956) तर गृहिणीसाठीच लिहिलं असावं, असं वाटतं. मराठी महिन्यांप्रमाणे त्यात लेख आहेत. चैत्रात चैत्राचा वाचा, वैशाखात वैशाखाचा. वर्षभर पुरतं, आणि दारातला कडुलिंब नव्यानं दिसू लागतो. त्यानंतर त्यांचं 'व्यासपर्व' घ्या.

घरातलं जुनं आठवलं तर – आजीच्या जात्यावरच्या ओव्या कानात असतील, तर सांगलीच्या डॉ. तारा भवाळकरांचं लेखन वाचा. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी ओव्यांत आणि लोककथांत काय काय सांगून ठेवलंय, याचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. 2025 साली दिल्लीला झालेल्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांचं 'सीतायन' जरूर मिळवा.

वाचनालयात गेल्यावर

पहिली गोष्ट म्हणजे कार्ड स्वतःच्या नावावर करून घ्या. घरात एक कार्ड आहे की, मग दुसऱ्याचा खर्च कशाला, असं वाटेल. पण एका कार्डावर यजमानांचं पुस्तक, मुलांचं पुस्तक असं होत होत आपली पाळी शेवटी येते, हे तुम्हाला माहीतच आहे. वर्गणी आणि अनामत रक्कम विचारून घ्या. महिन्याच्या खर्चात तो आकडा फार मोठा निघत नाही.

कपाट उघडं असेल तर पुस्तक हातात घेऊन मधलंच एखादं पान वाचा. सुरुवातीची पानं सगळेच सजवून लिहितात. मधल्या पानावर खरा स्वाद कळतो. शितावरून भाताची परीक्षा, तसंच हे! ग्रंथपालांशी ओळख वाढवा. 'चांगलं पुस्तक द्या' असं मोघम न सांगता 'मागच्या वेळी हे वाचलं, त्यातलं हे आवडलं' असं सांगा. नेमकं पुस्तक काढून देतात.

एक छोटी वही ठेवा. पुस्तकाचं नाव, लेखक, तारीख आणि एक ओळ, एवढंच. शेवटच्या पानावर 'पुढे वाचायची' यादी. कुणी नाव सुचवलं की लगेच टिपा. यादी असली की 'काहीही चालेल' म्हणायची वेळ येत नाही. आणि कधी खरंच दुसऱ्याला पाठवावं लागलं, तर यादीतली तीन नावं लिहून द्या.

पन्नास पानं वाचूनही मन लागलं नाही, तर पुस्तक खुशाल परत करा. ताटातलं टाकू नये, हे खरं. पण ते अन्नाला लागू. पुस्तकाला दुसरा वाचक भेटतो.

आणि वाचनालय आहे तोवर ते वापरा. सांगलीचं नगर वाचनालय 1869 पासूनचं. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी आत शिरलं आणि कितीतरी पुस्तकं भिजून गेली. किती पिढ्यांनी हाताळलेला ठेवा दोन-चार दिवसांत चिखल झाला. पुस्तकं कायमची आहेतच, असं धरून चालू नये.

सहल काढायची तर

पाचगणी-महाबळेश्वरला आपण जातो, स्ट्रॉबेरी खातो, स्वेटर घेतो आणि येतो. या खेपेला पाचगणीजवळच्या भिलारला थांबा. 4 मे 2017 रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झालं. कल्पना आली वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून. तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. आपल्या भिलारला मात्र विक्रीपेक्षा वाचनाला मान. गावकऱ्यांनी राहत्या घरातल्या खोल्या त्यासाठी दिल्या. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी चरित्रं, तिसऱ्या घरी मुलांची पुस्तकं, अशी मांडणी. कुणाच्याही ओसरीवर बसा आणि वाचा. निवड करायला शिकायचं असेल, तर याहून चांगली जागा नाही. तासाभरात दहा पुस्तकं चाळून होतात आणि वहीतली यादी भरते.

घरी आणलेली पुस्तकंही जपायला हवीत. आपल्याकडचा पाऊस म्हणजे कपाटाला दमटपणा आलाच. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका. पुस्तकं दाटीनं कोंबू नका. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला कपाटात ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर बदला. उघडीप मिळाली की पुस्तकं काढून पंख्याखाली वारा द्या. कडक उन्हात ठेवलीत तर पानं पिवळी पडतात.

वाचन वाढवायचा आणखी एक घरगुती उपाय सांगते. भिशी असते तशी चार-पाच जणींची पुस्तकभिशी काढा. दर महिन्याला एकीनं आपल्या आवडीचं पुस्तक आणायचं आणि ते सगळ्यांत फिरवायचं. शेवटी अर्धा तास गप्पा. पोहे कुणी करायचे ते नंतर ठरवा, आधी पुस्तक ठरवा!

येत्या शनिवारी पिशवी घेऊन निघाल, तेव्हा वाचनालयाची पायरी तुम्ही स्वतः चढा. कपाटासमोर पाच मिनिटं उभ्या राहा. सासूबाईंना काय आवडेल, मुलांना काय उपयोगी पडेल, याचा विचार त्या पाच मिनिटांपुरता बाजूला ठेवा. मला काय वाचायचंय, एवढंच स्वतःला विचारा आणि ते पुस्तक तुमच्या नावावर लिहून घ्या.