भावगीत

भावगीत हा मराठी सुगम संगीतातील एक गीतप्रकार आहे. एकाच भावनेभोवती गुंफलेली आत्मपर कविता, तिच्या अर्थाला अनुसरणारी चाल आणि मोजकी वाद्यसाथ ही त्याची प्रमुख लक्षणे होत.

पार्श्वभूमी

मराठीत ओवी, अभंग आणि लावणी यांची गायनपरंपरा जुनी आहे. सोलापूरचे शाहीर राम जोशी हे पेशवाईच्या उत्तरकाळातील नामवंत लावणीकार होते. 1880 साली रंगभूमीवर आलेल्या 'संगीत शाकुंतल'पासून नाट्यपदे लोकप्रिय झाली. मात्र अनेक नाट्यपदे आधीच्या चालींवर रचली जात. 1911 च्या 'संगीत मानापमान'साठी गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरीसारख्या चाली योजल्या. पुढे ताना आणि आलापांच्या विस्तारात पदांतील शब्द मागे पडू लागले. मराठी कवितेला साजेसे गायन कोणते, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला.

उदय

1923 साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची आवड वाढवली. 1930 च्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची 'रानारानात गेली बाई शीळ' ही कविता गाऊन ध्वनिमुद्रित केली. हे गीत मराठी भावगीताचा आरंभबिंदू मानले जाते. तत्कालीन तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असे. रागविस्ताराला तेथे वाव नव्हता; आटोपशीर कवितेला मात्र ती मर्यादा मानवली. गजानन वाटवे यांनी हा प्रकार जाहीर कार्यक्रमांतून घरोघरी पोहोचवला. नंतर आकाशवाणीने त्यास बळ दिले. यशवंत देव यांनी या गायनाची भूमिका 'शब्दप्रधान गायकी' या शब्दांत मांडली.

तुलना

कवितेला संगीत देताना स्वतःची शैली शोधण्याचा प्रश्न अमेरिकेतही उद्भवला होता. तेथील कलागीतांवर जर्मन गीतांची गडद छाया होती. 1892 ते 1895 या काळात न्यूयॉर्कला राहिलेले चेक संगीतकार द्वोर्झाक यांनी कृष्णवर्णीयांच्या गीतांचा आधार घेण्याचा सल्ला दिला. आरन कोपलंड यांनी एमिली डिकिन्सनच्या बारा कवितांना संगीत दिले. मराठीत रागसंगीताचा पाया कायम राहिला. बदलला तो शब्द आणि सूर यांचा क्रम. भावगीताचे मराठीपण रागांत वा वाद्यांत नसून कवितेला दिलेल्या अग्रस्थानात आहे.